भरसभेत पाय लटपटणाऱ्या गांधीजींनी भीतीला कसं हाताळलं?

लातूर आणि नांदेडचे क्लासेस राज्यभर प्रसिद्ध आहेत. डॉक्टर-इंजिनीअर व्हायचं म्हणून गावोगावची मुलं इथे खोली करून राहतात. त्यातला एखादा लेखी पेपरात कुणाला हार जात नाही, पण सरांनी उभं राहून उत्तर सांग म्हटलं की त्याच्या घशाला कोरड पडते, हात थरथरायला लागतात. एखाद्याला रात्री खोलीतला दिवा मालवायचीच भीती वाटते. सांगितलं तर सगळे हसतील, म्हणून तो गप्प राहतो.

या दोन्ही भीती एकाच माणसाने वर्षानुवर्षं भोगल्या होत्या. त्याचं नाव मोहनदास करमचंद गांधी. हे सगळं गांधीजींनी आपल्या आत्मकथेत काहीही न लपवता लिहून ठेवलं आहे.

दिव्याशिवाय झोप नाही

गांधीजींचा जन्म २ ऑक्टोबर १८६९ चा, पोरबंदरचा. वडील संस्थानात दिवाण होते. लहानपणी मोहनला तीन गोष्टींची भयंकर भीती वाटायची: भुतं, चोर आणि साप. रात्री दाराबाहेर पाऊल टाकायची हिंमत नव्हती. अंधारात झोपणं तर अशक्यच. एका कोपऱ्यातून भूत येईल, दुसऱ्यातून चोर आणि तिसऱ्यातून साप, असं त्याला वाटत राहायचं. त्यामुळे खोलीत दिवा लागायचाच.

ही भीती त्याने घरातल्या एका बाईजवळ बोलून दाखवली. तिचं नाव रंभा. गांधी कुटुंबाकडे कामाला असलेली ती जुनी दाई होती. तिने मुलाला हसून उडवून लावलं नाही. एवढा मोठा झालास तरी घाबरतोस, असं हिणवलंही नाही. भीती वाटली की रामनाम घेत जा, असा साधा उपाय तिने सांगितला.

गंमत म्हणजे मोहनचा त्या उपायापेक्षा रंभावर जास्त विश्वास होता. ती सांगते म्हणून त्याने नाम घ्यायला सुरुवात केली. हा परिपाठ फार दिवस टिकला नाही, भीतीही लगेच पळाली नाही. पण ते बीज मनात राहिलं. पुढे आयुष्यभर रामनाम हा त्यांचा मोठा आधार होता आणि त्याचं श्रेय ते रंभाला देत.

बायकोला सांगायची लाज

वयाच्या तेराव्या वर्षी मोहनचं कस्तुरबांशी लग्न झालं. भीती अजून तशीच होती. कस्तुरबांना मात्र ना भुतांची भीती होती, ना सापांची. अंधारात त्या कुठेही जाऊ शकत. आपल्याला दिवा का लागतो, हे त्यांना सांगायची मोहनला लाज वाटायची.

याच काळात त्याला एक दणकट मित्र भेटला, शेख मेहताब. मी जिवंत साप हातात धरतो, चोरांना भीत नाही, भुतं मानत नाही, अशा बढाया तो मारायचा आणि हे सगळं मांस खाल्ल्यामुळे जमतं, असं सांगायचा. वैष्णव घरातल्या मोहनला ते पटलं. नदीकाठी एकांतात, घरच्यांपासून लपून त्याने बोकडाचं मांस खाल्लं. त्या रात्री पोटात बोकड ओरडतोय असं वाटून त्याची झोप उडाली. धीट व्हायला गेलेल्या मुलाच्या वाट्याला आणखी एक दचकवणारी रात्र आली. वर्षभरात असं पाच-सहा वेळा झालं. शेवटी आई-वडिलांशी खोटं बोलणं सहन होईना, म्हणून त्याने हा प्रकार बंद केला.

चार माणसांसमोर शब्द फुटेना

दुसरी भीती होती लोकांसमोर बोलण्याची. कुणी चेष्टा करेल म्हणून शाळा सुटली की मोहन घरी पळत सुटायचा. १८८८ मध्ये बॅरिस्टर व्हायला विलायतेला निघताना राजकोटच्या शाळेने निरोप समारंभ ठेवला. आभाराचे चार शब्द त्याने लिहून नेले होते, पण तेही कसेबसे अडखळत वाचले. डोकं गरगरत होतं, अंग थरथरत होतं.

लंडनमध्येही तेच. शाकाहारी मंडळाच्या कार्यकारिणीवर गांधीजी होते, पण बैठकीत तोंड उघडायचं नाही. एकदा मंडळातल्या एका सदस्याला काढून टाकण्याचा वाद निघाला. गांधीजींना ते अन्यायाचं वाटत होतं. त्यांनी आपलं मत कागदावर लिहून नेलं, पण वाचायची हिंमत झाली नाही. ते दुसऱ्याने वाचलं. व्हेंटनर या गावच्या सभेत लिहून नेलेलं भाषण वाचायला ते उभे राहिले, तर डोळ्यांसमोर अक्षरंच दिसेनात. तिथेही सोबतच्या मित्राला पुढचं वाचावं लागलं.

१८९१ मध्ये ते बॅरिस्टर होऊन परतले आणि मुंबईत वकिली सुरू केली. लघुवाद न्यायालयातला ममीबाईचा खटला हा त्यांचा पहिलाच खटला. फी ३० रुपये. साक्षीदाराची उलटतपासणी घ्यायला ते उभे राहिले आणि काळीज धडधडू लागलं, सगळं कोर्ट फिरतंय असं वाटलं. एकही प्रश्न न सुचल्याने ते खाली बसले. खटला दुसऱ्या वकिलाकडे सोपवायला सांगून ते घाईघाईने बाहेर पडले. पुरेशी हिंमत येईपर्यंत खटला घ्यायचा नाही, असं त्यांनी ठरवलं आणि दक्षिण आफ्रिकेला जाईपर्यंत ते पुन्हा कोर्टात उभे राहिले नाहीत. राजकोटला जाऊन अर्ज लिहून देण्याचं काम करू लागले.

बदल कुठे झाला?

१८९३ मध्ये एका व्यापारी पेढीच्या दाव्यासाठी गांधीजी दक्षिण आफ्रिकेत पोचले. तिथे हिंदी लोकांना मिळणारी वागणूक त्यांनी स्वतः सोसली. मग प्रिटोरियात त्यांनी हिंदी व्यापाऱ्यांची बैठक बोलावली. व्यापारातला खरेपणा हा विषय त्यांनी निवडला होता आणि बरीचशी तयारीही केली होती. हे आपलं आयुष्यातलं पहिलं जाहीर भाषण, असं ते सांगतात. अशा बैठका पुढे बऱ्यापैकी नियमित होत राहिल्या. माणसं ओळखीची, जागा घरगुती आणि विषय जिव्हाळ्याचा. हळूहळू जीभ सैल होत गेली.

तरी भीती संपली नव्हती. १८९६ मध्ये ते भारतात आले तेव्हा मुंबईत त्यांची सभा ठरली. आयत्या वेळी बोलायचं त्यांच्या मनात होतं. सर फिरोजशहा मेहता यांनी मात्र भाषण लिहून, छापून आणायला लावलं. सभागृह खच्चून भरलं. गांधीजींचा आवाज कापू लागला. मेहता जोरात बोलायला सांगून धीर देत होते, पण आवाज आणखीच खाली जात होता. शेवटी केशवराव देशपांडे मदतीला आले आणि गांधीजींनी कागद त्यांच्या हाती दिले. श्रोत्यांनी दिनशा वाच्छांच्या नावाचा घोष केल्यावर वाच्छांनी ते भाषण वाचलं आणि सभा गाजली.

काही वर्षांपूर्वी मुंबईच्याच कोर्टातून गांधीजी निघून गेले होते. या वेळी भाषण छापून तयार होतं, मदतीला माणसं होती, आणि गांधीजी त्यानंतर पुण्याला गेले. तिथे टिळक, गोखले आणि भांडारकरांना भेटून त्यांनी पुढच्या सभेची तयारी सुरू केली.

हा बुजरेपणा आपल्यातून पूर्णपणे कधीच गेला नाही, असं त्यांनी पन्नाशी ओलांडल्यावर लिहिलं. पण त्याचा फायदाही त्यांना दिसला. बोलायला कचरत असल्यामुळे शब्द तोलूनमापून वापरायची सवय लागली.

आज समुपदेशक काय करतात?

गांधीजींना कुणी फोबियाचं निदान केलेलं नव्हतं. पण त्यांच्या आयुष्यात घडलेल्या बऱ्याच गोष्टी आजच्या उपचारांशी जुळतात.

भीतीपासून पळालं की लगेच बरं वाटतं. त्यामुळे पळालो म्हणून वाचलो, हेच मन शिकतं आणि पुढच्या वेळी भीती आणखी वाढते. म्हणून समुपदेशक भीतीच्या पायऱ्या पाडून देतात. वर्गात बोलायला घाबरणाऱ्या मुलाने आधी खोलीत एकट्याने मोठ्याने वाचायचं, मग रूममेटसमोर, मग चार मित्रांसमोर आणि त्यानंतर वर्गात. प्रत्येक पायरीवर भीती थोडी उतरेपर्यंत थांबायचं. सोबत संथ श्वास घ्यायला शिकवतात, मनात येणारे विचार तपासायला लावतात. भीती शून्य व्हावी असा हट्ट नसतो. भीती असतानाही काम करता यावं, एवढं पुरेसं असतं. भीती फारच जास्त असेल तर मानसोपचारतज्ज्ञ औषधंही देतात.

आणि या सगळ्याआधी लागतो तो सांगणारा आणि ऐकणारा यांच्यातला विश्वास. पोरबंदरच्या त्या मुलाला तो रंभाजवळ मिळाला होता.

लातूर आणि नांदेड या दोन्ही शहरांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे आणि तिथे मानसोपचार विभागात दाखवता येतं. बाहेर पडायचा संकोच वाटत असेल तर केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र सुरू असते. तिथे मराठीतही बोलता येतं.