खाशाबांचा झोन टफ होता!

झोनलला टीम हरली की कट्ट्यावर एक कारण ठरलेलं असतं. आपला झोनच टफ होता. आणि दुसऱ्या झोनमधली टीम इंटरझोनलला गेली की लगेच शेरा, त्यांच्यासमोर होतं तरी कोण! अमेरिकेत कॉलेज बास्केटबॉलमध्ये हा वाद दरवर्षी मार्च महिन्यात पेटतो. तिथे कॉलेजांचे गट असतात, त्यांना कॉन्फरन्स म्हणतात. तगड्या कॉन्फरन्समध्ये मार खाऊन आलेली टीम नॅशनल टूर्नामेंटला घ्यायची, की दुबळ्या कॉन्फरन्समध्ये सगळ्यांना लोळवून आलेली, यावर तिथे अक्षरशः खडाजंगी होते.

म्हणजे प्रश्न असा, की आजूबाजूचे खेळाडू भारी असले तर आपण भारी होतो का? कोल्हापुरात याचं उत्तर बास्केटबॉल कोर्टवर शोधून चालणार नाही. त्यासाठी तालमीत जायला हवं, आणि राजाराम कॉलेजच्या एका विद्यार्थ्याची गोष्ट नीट बघायला हवी. खाशाबा दादासाहेब जाधव. स्वतंत्र भारताला वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळवून देणारा पहिला खेळाडू. हे जनरल नॉलेजच्या पुस्तकातलं वाक्य आपल्या सगळ्यांना पाठ आहे, पण ते पदक कशातून घडलं हे मात्र फारसं कुणी बोलत नाही.

जन्म १५ जानेवारी १९२६, कराडजवळच्या गोळेश्वर गावात. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. पाच भावांत खाशाबा सगळ्यात धाकटे. मातीत उतरले ते अगदी लहानपणी, वडिलांच्याच हाताखाली. कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये शिकत असताना १९४२ ची चळवळ आली, तिच्यातही ते होते. शाळा संपली आणि पुढच्या शिक्षणासाठी ते कोल्हापूरला आले. इथून खरी गोष्ट सुरू होते.

तेव्हाचं कोल्हापूर म्हणजे कुस्तीतली सगळ्यात टफ कॉन्फरन्स. आणि ती आपोआप झालेली नव्हती. शाहू महाराजांनी तालमींना आश्रय दिला, पैलवानांच्या खुराकाची सोय केली, १९१२ मध्ये खासबाग मैदान उभं केलं. पण मला त्यांची सर्वात हुशार चाल वेगळीच वाटते. त्यांनी पंजाबकडचे नामांकित मल्ल कोल्हापुरात आणले. आपल्याच पोरांनी आपल्याच पोरांना चितपट करत बसायचं आणि स्वतःला चॅम्पियन म्हणवून घ्यायचं, हे त्यांनी होऊ दिलं नाही. आपली पोरं जिंकावीत म्हणून समोर आपल्यापेक्षा तगडा गडी उभा करायचा! आजच्या भाषेत सांगायचं तर महाराजांनी स्वतःच्याच झोनची लेव्हल वाढवली.

या वातावरणात खाशाबा आले तेव्हा अंगाने अगदी बारीक होते. कॉलेजच्या वार्षिक क्रीडास्पर्धेत कुस्तीसाठी नाव द्यायला गेले, तर त्यांची चण बघूनच त्यांना नकार मिळाला, असं सांगतात. मग ते थेट प्राचार्यांकडे गेले. प्राचार्य खर्डेकरांनी परवानगी दिली, आणि खाशाबांनी एकेक करून धिप्पाड गडी पाडले. कोल्हापुरात बाबूराव बलावडे आणि बेलापुरे गुरुजी यांचं मार्गदर्शन त्यांना मिळालं. ढाक हा त्यांचा हुकमी डाव. समोरच्याची मान कवेत घ्यायची आणि त्याला फेकायचा. ताकदीने भारी गड्यांशी रोज लढायचं असेल तर चपळाईला पर्याय नसतो, ती चपळाई इथेच कमावलेली.

१९४८ ला लंडन ऑलिम्पिक होतं. खर्चाचा भार कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला आणि खाशाबा फ्लायवेट गटात, म्हणजे ५२ किलोत, उतरले. तिथे पहिला धक्का बसला. माती नाही, मॅट! मातीतल्या कुस्तीत हिशोब सोपा असतो, पाठ टेकली की कुस्ती निकाली. मॅटवर मिनिटं मोजतात, पॉइंट मोजतात, पकड कशी घेतली ते बघतात. मातीत पाय रोवता येतो, मॅटवर तो वेगळाच पडतो. लंडनला त्यांना अमेरिकेच्या रीस गार्डनर यांनी थोडाफार सराव दिला, तेवढीच तयारी. तरीही ऑस्ट्रेलियाच्या हॅरिसला आणि अमेरिकेच्या जर्निगनला त्यांनी हरवलं. इराणच्या रईसीकडून हार झाली. शेवटी सहावा नंबर.

आता थांबून विचार करा. जो खेळ धड खेळलेलाच नाही, त्यात जगात सहावा! ही कोल्हापूरच्या तालमींची कमाई, यात शंका नाही. पण पदक मिळालं नाही, तेही त्याच तालमींमुळे. झोन कितीही टफ असू दे, तिथले नियम वेगळे असतील तर तो तुम्हाला एका टप्प्यापर्यंतच नेतो.

पुढची चार वर्षं खाशाबांनी स्वतःला नुसतं पिळून काढलं. वजनगट वाढवून ते ५७ किलोच्या बॅन्टमवेटमध्ये आले. म्हणजे समोरचे गडी आणखी जड. हेलसिंकीसाठीची निवडही सरळ झाली नाही. मद्रासच्या निवडस्पर्धेत गुणांवरून वाद झाला, खाशाबांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली आणि पुन्हा कुस्ती लावून घेतली, असं सांगितलं जातं. त्या कुस्तीत त्यांनी निरंजन दासला चितपट केलं आणि वादच संपवला.

मग पैशांचा प्रश्न. सरकारकडून पुरेशी मदत मिळेना. खाशाबांनी गावोगाव हिंडून वर्गणी गोळा केली. आणि खर्डेकरांनी, कॉलेजच्या प्राचार्यांनी, आपलं घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. एका विद्यार्थ्यासाठी. १९५२ साली. आपण झोनची ताकद मोजताना फक्त खेळाडू मोजतो. हे घर कुठल्या पॉइंट टेबलमध्ये धरायचं?

हेलसिंकीत त्यांनी कॅनडाच्या पोलिक्विनला, मेक्सिकोच्या बासुर्तोला, जर्मनीच्या श्मिट्झला हरवलं. राहिले दोघं. जपानचा शोहाची इशी आणि सोव्हिएत संघाचा रशीद मम्मदबेयोव. एक दमछाक करणारी कुस्ती संपते न संपते तोच त्यांना दुसरीसाठी बोलावण्यात आलं. नियमाप्रमाणे मध्ये विश्रांती मिळायला हवी होती, पण हे ठासून सांगायला तिथे भारताचा एकही अधिकारी हजर नव्हता, अशी हकीकत आजही कुस्तीच्या वर्तुळात हळहळत सांगितली जाते. दोन्ही कुस्त्या गेल्या. इशीला सुवर्ण, मम्मदबेयोवला रौप्य, खाशाबांना ब्राँझ. २३ जुलै १९५२.

त्याच ऑलिम्पिकमध्ये कोल्हापूरचेच माणगावे वरच्या वजनगटात खेळले आणि त्यांचं पदक थोडक्यात हुकलं. खाशाबा म्हणजे एखादा सुटा चमत्कार, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे नाव विसरू नये. एकाच शहराच्या तालमींतून आलेले दोघं जगातल्या पहिल्या चार-पाचांत. हा योगायोग असेल असं मला तरी वाटत नाही.

परत आल्यावर कराडला शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मिरवणूक संपली आणि खाशाबांनी पहिलं काम काय केलं, तर कुस्त्यांची मैदानं भरवली. त्यातून आलेल्या पैशांतून खर्डेकरांचं घर सोडवलं.

पुढचा भाग मात्र वाचताना त्रास होतो. १९५५ मध्ये ते मुंबई पोलिसात सब-इन्स्पेक्टर झाले. वर्षानुवर्षं नोकरी केली, असिस्टंट कमिशनर म्हणून निवृत्त झाले, आणि नंतर पेन्शनसाठी झगडत राहिले. १४ ऑगस्ट १९८४ ला रस्ता अपघातात त्यांचं निधन झालं. अर्जुन पुरस्कार मिळाला तोही मरणोत्तर. पद्म पुरस्कार तर वाट्याला आलाच नाही.

आणि आपला टफ झोन? तो टफच राहिला. १९५९ मध्ये हिंदकेसरी झालेले श्रीपती खंचनाळे कोल्हापूरच्याच तालमीत घडले. मैदानं भरत राहिली, हलगी वाजत राहिली, गदा येत राहिल्या. पण आपली कुस्ती मातीत रमली आणि जग मॅटवर पुढे गेलं. भारताला कुस्तीतलं पुढचं ऑलिम्पिक पदक मिळायला २००८ उजाडलं, आणि ते आणणारा सुशील कुमार दिल्लीच्या छत्रसाल स्टेडियममध्ये मॅटवर तयार झालेला होता. ५६ वर्षांचं अंतर. खाशाबांनी लंडनला पहिल्याच दिवशी जे ओळखलं, ते आपल्याला कळायला एवढा वेळ का लागला, हे तालमीत जाऊन विचारलं तर आजही दोन गट पडतात. मातीवाले आणि मॅटवाले.

दिल्लीच्या इंदिरा गांधी स्टेडियममधल्या कुस्तीच्या हॉलला खाशाबांचं नाव आहे. गोळेश्वरमधलं त्यांचं घर अजूनही ‘ऑलिम्पिक निवास’ म्हणून ओळखलं जातं. कोल्हापूरहून कराडला एसटीने जाता येतं आणि कराडपासून गाव अगदी जवळ आहे.