नाव गुप्त, निर्णय तिचा : महात्मा फुल्यांच्या घरातलं ते दार आणि आजची थेरपी

पुण्याच्या मंडईत गेलात की अष्टकोनी मनोऱ्याची ती दगडी इमारत दिसते. १८८६ साली ती सुरू झाली, तेव्हा मुंबईच्या गव्हर्नरांच्या नावावरून तिला रे मार्केट म्हणत. पुणे नगरपालिकेचे सदस्य असलेल्या जोतीराव फुल्यांनी या खर्चाला विरोध केला होता. हा पैसा शिक्षणावर खर्च व्हावा, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे याच मंडईला त्यांचं नाव देण्यात आलं.

मुलींची शाळा, सत्यशोधक समाज ही फुल्यांची कामं सगळ्यांना माहीत आहेत. पण मंडईपासून जवळच, गंज पेठेतल्या त्यांच्या घरात आणखी एक काम चालायचं. थेरपीला पहिल्यांदा जायचं म्हणून धास्तावलेल्या माणसाने ते आवर्जून समजून घ्यावं.

नेमकं काय घडलं होतं?

जोतीरावांचा जन्म १८२७ सालचा. आई लहानपणीच गेली, सगुणाबाईंनी त्यांना वाढवलं. १८४८ साली त्यांनी मुलींसाठी शाळा काढली आणि त्यापायी पुढे सावित्रीबाईंसह घर सोडावं लागलं.

१८६३ च्या सुमारास त्यांचे मित्र गोवंडे यांच्याकडे स्वयंपाक करणाऱ्या काशीबाई या तरुण विधवेचं प्रकरण गाजलं. फसवणुकीतून ती गरोदर राहिली. लोकलाजेपायी तिने जन्मलेल्या बाळाचा जीव घेतला आणि तिला अंदमानची जन्मठेप झाली. फसवणाऱ्याचं मात्र काही बिघडलं नाही.

याच सुमारास फुले दांपत्याने स्वतःच्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केलं. ब्राह्मण वस्तीतल्या रस्त्यांच्या कोपऱ्यांवर छापील जाहिराती लावल्या. विधवांनी इथे गुप्तपणे येऊन बाळंत व्हावं, मूल सोबत न्यायचं की इथे ठेवायचं हे त्यांनीच ठरवावं, ठेवलेल्या मुलाचा सांभाळ इथे होईल, असा त्यांचा आशय होता. म्हणजे आत गेल्यावर काय होणार, हे त्या बाईला दाराशी येण्याआधीच कळत होतं.

तरी उशीर झालाच

१८८४ साली फुल्यांनी दिलेल्या माहितीनुसार तोवर ३५ विधवा इथे बाळंत झाल्या होत्या. त्यांची फक्त ५ मुलं जगली. येण्याआधी गर्भ पाडण्यासाठी घेतलेल्या विषारी औषधांमुळे बाकीची दगावली, असं त्यांनी नोंदवलं. दार उघडं होतं, पण भीतीपोटी तिथवर पोचायला उशीर होत होता.

इथेच जन्मलेल्या यशवंतला फुले दांपत्याने दत्तक घेतलं. तो पुढे डॉक्टर झाला. जोतीराव १८९० साली गेले. १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाईंचा मृत्यू झाला, तेव्हा यशवंतही त्याच कामात होता.

आज थेरपीला जाताना काय अपेक्षा ठेवाल?

फुल्यांचं गृह म्हणजे मानसोपचार नव्हे. पण नाव गुप्त राहील, निर्णय तुमचाच असेल आणि पुढे काय होणार हे आधी सांगितलं जाईल, या तीन गोष्टी थेरपीतही पायाभूत आहेत.

पहिल्या भेटीत बहुतेक वेळ प्रश्नांत जातो. त्रास काय, कधीपासून, झोप-जेवण कसं आहे, घरी कोण आहे, आधी उपचार घेतलेत का. एखाद्या प्रश्नाचं उत्तर लगेच द्यायचं नसेल, तर तसं सांगता येतं. भेट साधारण पाऊण ते एक तासाची असते. फी किती, थेरपिस्टचं शिक्षण काय, हे विचारण्यात संकोच नको. औषधं लागली तर ती मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर लिहून देतात.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने गोपनीयतेचा हक्क दिला आहे. त्याला मर्यादाही आहेत. तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, तर माहिती योग्य व्यक्तीला द्यावी लागू शकते. चांगला थेरपिस्ट हे सुरुवातीलाच सांगतो.

पहिल्याच दिवशी हलकं वाटेल असं नाही, उलट बोलल्यावर जड वाटू शकतं. काही भेटींनंतरही सूर जुळत नसेल, तर थेरपिस्ट बदलता येतो. आणि त्रास अगदी हाताबाहेर जाईपर्यंत थांबायची गरज नसते.