विश्लेषण : २३व्या वर्षी मैदान सोडणाऱ्या खेळाडूच्या नावे क्वार्टरबॅकचा मानाचा पुरस्कार… कोण होते डेव्ही ओब्रायन?

अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये मोसमातील सर्वोत्तम क्वार्टरबॅकला दरवर्षी ‘डेव्ही ओब्रायन पुरस्कार’ दिला जातो. ज्यांच्या नावाने तो दिला जातो, त्या ओब्रायन यांची उंची जेमतेम पाच फूट सात इंच आणि वजन सुमारे ६८ किलो होते. व्यावसायिक फुटबॉल ते केवळ दोन मोसम खेळले आणि त्यातही त्यांचा संघ तळाशीच राहिला. तरीही त्यांचे नाव टिकून आहे. असे का?

क्वार्टरबॅक म्हणजे कोण?

अमेरिकी फुटबॉल हा आपल्याकडच्या फुटबॉलहून वेगळा खेळ आहे. त्यात चेंडू हातात घेऊन किंवा फेकून पुढे न्यायचा असतो. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकता आले, तर चेंडू त्याच संघाकडे राहतो. कोणती चाल खेळायची, हे आपल्या सहकाऱ्यांना सांगतो तो क्वार्टरबॅक. पुढे चेंडू फेकण्याची मुभा १९०६ मध्ये मिळाली असली, तरी अनेक वर्षे हा खेळ मुख्यत्वे ताकदीचा आणि धडकांचाच राहिला. त्या काळात आक्रमण आणि बचाव दोन्हींसाठी तेच खेळाडू मैदानात असत. त्यामुळे धिप्पाड शरीरयष्टीला मोठे महत्त्व होते.

संधी कशी मिळाली?

ओब्रायन यांचा जन्म २२ जून १९१७ रोजी टेक्सास राज्यातील डॅलस येथे झाला. फोर्ट वर्थच्या टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठात (टीसीयू) त्यांनी प्रवेश घेतला. तेथे प्रशिक्षक डच मायर यांचा भर चेंडू फेकण्यावर होता. १९३६ मध्ये मात्र ओब्रायन यांना राखीव खेळाडू म्हणूनच राहावे लागले, कारण संघात सॅमी बॉ हे उंचपुरे आणि नामांकित खेळाडू होते. बॉ व्यावसायिक फुटबॉलकडे वळल्यावर १९३७ मध्ये ओब्रायन यांच्याकडे ही जबाबदारी आली.

१९३८ चा मोसम का गाजला?

त्या वर्षी टीसीयू नियमित मोसमातील दहाही सामने जिंकून राष्ट्रीय क्रमवारीत अव्वल ठरले. ओब्रायन यांनी १९ टचडाउन पास दिले आणि त्यांचे केवळ चार पास प्रतिस्पर्ध्यांच्या हाती गेले. देशातील सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूसाठीचा हाइझमन करंडक त्यांना मिळाला. टेक्सासमधील विद्यापीठाच्या खेळाडूला हा मान प्रथमच लाभला होता. त्याच वर्षी मॅक्सवेल आणि वॉल्टर कॅम्प हे पुरस्कारही त्यांनाच मिळाले. २ जानेवारी १९३९ रोजी न्यू ऑर्लिन्स येथील शुगर बोल सामन्यात कार्नेगी टेकविरुद्ध मध्यंतराला टीसीयू ६-७ असे मागे होते. उत्तरार्धात ओब्रायन यांच्या टचडाउन पासने आघाडी मिळाली, मग त्यांनी मारलेल्या फील्ड गोलने १५-७ अशा विजयावर शिक्कामोर्तब केले.

व्यावसायिक फुटबॉलमध्ये काय झाले?

१९३९ मध्ये फिलाडेल्फिया ईगल्सने त्यांना करारबद्ध केले. पहिल्याच मोसमात त्यांनी पासद्वारे १,३२४ यार्ड मिळवून बॉ यांचा विक्रम मोडला. मात्र दोन मोसमांतील २२ सामन्यांपैकी ईगल्सने केवळ दोन जिंकले, एक बरोबरीत सुटला आणि १९ गमावले. खेळाडू तोच होता, पण त्याच्यापुढची भिंत बदलली होती. क्वार्टरबॅकला फेकण्यासाठी लागणारे दोन-तीन सेकंद समोरची फळी मिळवून देते. टीसीयूमध्ये की ऑल्ड्रिच आणि आय. बी. हेल यांच्यासारखे देशभर नावाजलेले खेळाडू या फळीत होते. फिलाडेल्फियात तसे संरक्षण नव्हते आणि लहान चणीच्या ओब्रायन यांच्यावर प्रतिस्पर्धी तुटून पडत.

मैदान का सोडले?

१ डिसेंबर १९४० रोजी वॉशिंग्टनविरुद्ध ते अखेरचा सामना खेळले. प्रतिस्पर्धी संघात बॉ होते. ओब्रायन यांनी ६० पैकी ३३ पास यशस्वी करत ३१६ यार्ड मिळवले. यशस्वी पासचा तो त्या वेळचा विक्रम होता. ईगल्सने सामना ६-१३ असा गमावला. त्यानंतर २३व्या वर्षी निवृत्त होऊन ते ‘एफबीआय’ या तपास यंत्रणेत दाखल झाले. आज हा निर्णय विचित्र वाटेल. पण तेव्हा प्रेक्षकांचे प्रेम आणि प्रतिष्ठा प्रामुख्याने महाविद्यालयीन फुटबॉललाच लाभत असे. व्यावसायिक खेळ म्हणजे काही वर्षांची कमाई आणि शरीराची झीज, असेच अनेकांना वाटे. स्थिर नोकरीचे मोल त्याहून मोठे होते.

नंतरचे आयुष्य आणि वारसा…

एफबीआयमध्ये त्यांनी दहा वर्षे काढली. क्वांटिको येथे त्यांनी नेमबाजीचे प्रशिक्षणही दिले. १९५० नंतर ते जमीन विकास आणि तेल व्यवसायात होते. १८ नोव्हेंबर १९७७ रोजी कर्करोगाने त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी त्यांच्या नावे स्मृतिकरंडक सुरू झाला आणि १९८१ पासून तो देशातील सर्वोत्तम महाविद्यालयीन क्वार्टरबॅकसाठी राखला गेला. या स्थानासाठी अचूक नजर आणि झटपट निर्णय देहयष्टीइतकेच मोलाचे असतात, हे ओब्रायन यांनी १९३८ मध्येच दाखवून दिले होते. मात्र तो खेळाडू एकट्याने सामने जिंकू शकत नाही, हेही त्यांच्याच कारकीर्दीतून दिसले.