लिझबॉर्नचा मास्टर: चित्रं जगप्रसिद्ध, पण चित्रकाराचं नावच हरवलं!

लंडनच्या नॅशनल गॅलरीत पंधराव्या शतकातली काही जर्मन चित्रं आहेत. चित्रकाराच्या नावाच्या जागी लिहिलंय 'मास्टर ऑफ लिझबॉर्न', म्हणजे लिझबॉर्नचा उस्ताद. हे काही त्याचं खरं नाव नाही. मग हा होता तरी कोण?

जर्मनीच्या वेस्टफालिया भागात लिझबॉर्न नावाचं छोटं गाव आहे. तिथे बेनेडिक्टाइन पंथाचा जुना मठ होता. मठाधिपती हाइनरिख यांच्या काळात, साधारण 1465 ते 1480 च्या दरम्यान, मठाच्या चर्चमधल्या मुख्य वेदीसाठी एक भव्य चित्र तयार झालं. ओक लाकडाच्या फळ्यांवर तैलरंगात ते रंगवलं होतं. मधोमध क्रूसावरचा ख्रिस्त, क्रूसाच्या दोन्ही बाजूंना संत आणि त्यापलीकडे ख्रिस्ताच्या आयुष्यातले प्रसंग.

संतांची निवडही विचारपूर्वक होती. कॉस्मास आणि डॅमियन हे वैद्य बंधू मठाचे रक्षक संत. बेनेडिक्ट पंथाचे संस्थापक आणि स्कोलास्टिका त्यांची बहीण. म्हणजे चित्र खास या मठासाठीच घडवलं होतं.

सोनेरी पार्श्वभूमी आणि शांत चेहरे

शेजारच्या नेदरलँड्समधले चित्रकार तेव्हा घरातल्या वस्तूही हुबेहूब रंगवू लागले होते. लिझबॉर्नच्या मास्टरने ते तंत्र घेतलं. देवदूत मेरीला शुभवार्ता सांगतो ते दृश्य त्याने चक्क एका शयनगृहात दाखवलं आहे. पण संतांच्या मागे त्याने जुन्या पद्धतीची सोनेरी पार्श्वभूमी ठेवली. त्याच्या चित्रात आक्रोश नाही. क्रूसाखालची माणसंही शांत उभी आहेत.

नाव का उरलं नाही?

त्या काळी चित्रकार हा कारागीर समजला जाई. चित्रावर सही करण्याची पद्धत फारशी नव्हती. पुढे सोळाव्या शतकात याच मठातल्या बर्नहार्ड विटे या साधूने इतिहास लिहिला. त्यात त्याने या कामाची तोंड भरून स्तुती केली, पण चित्रकाराचं नाव लिहिलं नाही. अशा अनामिक चित्रकारांना कलेचे अभ्यासक त्यांच्या एखाद्या गाजलेल्या कामावरून ओळख देतात. लिझबॉर्नचा मास्टर हे नाव तसंच आलं.

चित्रावर चालली करवत

1803 मध्ये प्रशियाच्या सरकारने मठ बंद केला. त्यानंतर वेदीचित्र करवतीने कापून त्याचे तुकडे विकले गेले. त्यातले काही मिंडेन शहरातल्या क्र्यूगर या संग्राहकाकडे पोहोचले. 1854 मध्ये नॅशनल गॅलरीने त्याचा 64 चित्रांचा संग्रह विकत घेतला. ही खरेदी इंग्लंडमध्ये अनेकांना रुचली नाही. 1857 मध्ये त्यातली बरीचशी चित्रं विकूनही टाकली, पण लिझबॉर्नचे महत्त्वाचे तुकडे गॅलरीने ठेवले. काही तुकडे आज जर्मनीतच म्युन्स्टरच्या संग्रहालयात आहेत.

क्रूसावरच्या ख्रिस्ताचं मस्तक आता एका स्वतंत्र चौकटीत आहे आणि संत दुसऱ्या चौकटींत. मूळ चित्र पुन्हा जोडलं जाणं कठीण आहे. तरीही कुणाच्या हातची ही चित्रं, हा प्रश्न लोक आजही विचारतात. ज्या गावासाठी त्याने ती रंगवली, त्या गावाचं नाव मात्र त्याच्यामुळेच जगभर पोहोचलं.