वाटाण्याच्या मळ्यातला धर्मगुरू



शाळेच्या पुस्तकात आपण मेंडेल यांचे वाटाण्याचे प्रयोग वाचले आहेत. ते कॅथलिक धर्मगुरू होते, हे मात्र आपल्या ध्यानात राहत नाही. दीर्घ पल्ल्याचे काम धीराने कसे करावे, हे त्यांच्या जीवनातून आपल्याला शिकता येते.

योहान मेंडेल यांचा जन्म १८२२ साली, आजच्या चेक प्रजासत्ताकातील एका खेड्यात, शेतकऱ्याच्या घरी झाला. वडील अपघातात जायबंदी झाले आणि शिक्षण थांबण्याची वेळ आली. तेव्हा धाकट्या बहिणीने, तेरेझियाने, आपल्या लग्नासाठी ठेवलेल्या पैशांतला वाटा भावाला दिला. पुढे तिच्या मुलांच्या शिक्षणाला हातभार लावून मेंडेल यांनी त्या ऋणाची आठवण ठेवली.

१८४३ साली ते ब्रनो शहरातील संत थॉमस मठात ऑगस्टिनियन संघात दाखल झाले. तेथे त्यांना ग्रेगोर हे नाव मिळाले. १८४७ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. पण आजाऱ्यांच्या भेटीला गेले की त्यांचे मन इतके व्याकूळ होई की ते स्वतःच आजारी पडत. म्हणून मठाधिपतींनी त्यांना शाळेत शिकवायला पाठवले. शिक्षकाच्या परीक्षेत ते १८५० साली नापास झाले. व्हिएन्ना विद्यापीठात दोन वर्षे शिकूनही १८५६ च्या दुसऱ्या प्रयत्नात त्यांना यश आले नाही. ते बदली शिक्षकच राहिले.

त्याच १८५६ साली मठाच्या बागेत त्यांचे मुख्य प्रयोग सुरू झाले. त्याआधी दोन वर्षे त्यांनी फक्त बियाणे पारखले होते. ३४ वाणांतून त्यांनी २२ निवडले. कळी उमलण्याआधीच ती अलगद उघडायची, पुंकेसर काढायचे, दुसऱ्या झाडाचे पराग लावायचे, वर पिशवी बांधायची आणि पुढच्या पिढीची वाट पाहायची, असे ते काम होते. एकाच प्रयोगात त्यांनी ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेले दाणे मोजले. म्हणजे जवळपास तीनास एक. आठ वर्षांत सुमारे २८,००० झाडे त्यांच्या हाताखालून गेली.

१८६५ साली त्यांनी हे निष्कर्ष ब्रनोच्या अभ्यासक मंडळापुढे वाचले आणि १८६६ साली ते छापून आले. त्यांचे महत्त्व जवळजवळ कोणीच ओळखले नाही. १८६८ साली ते मठाधिपती झाले. पुढची वर्षे कारभारात आणि सरकारशी करावरून झालेल्या वादात गेली. ६ जानेवारी १८८४ रोजी ते वारले. १९०० साली तीन शास्त्रज्ञ वेगवेगळ्या वाटांनी त्याच नियमांपर्यंत पोहोचले, तेव्हा कुठे जगाला मेंडेल सापडले.

आपल्या धर्मग्रामातही अशी लांबची वाट चालणारे कितीतरी जण आहेत. कोणी घराचे कर्ज फेडत आहे, कोणी व्यसनी मुलाला सावरत आहे, कोणी पुन्हा परीक्षेला बसत आहे. धीर धरा, असे आपण त्यांना सहज म्हणतो. पण मेंडेल नुसते वाट पाहत बसले नव्हते. फळ कधी येईल, हे त्यांच्या हाती नव्हते. आजचे दाणे नीट मोजणे त्यांच्या हाती होते आणि तेवढे त्यांनी चोख केले. शिवाय त्यांच्या पाठीशी तेरेझिया उभी होती.

येत्या आठवड्यात आपण आपल्या लांबच्या कामातला रोजचा वाटा नेमाने उचलू या. आणि आपल्या घरात धीर सुटत चाललेला कोणी असेल, तर त्याची तेरेझिया होऊ या.