डिग्री नसलेला इंजिनिअर : लक्ष्मणराव किर्लोस्कर यंत्रं कुठे शिकले?

सातारा, कराड, इस्लामपूर, सांगली या पट्ट्यातली मुलं-मुली एक प्रश्न सारखा विचारतात. इंजिनिअरिंगची डिग्री नाही, पुण्यात राहून क्लास लावण्याइतके पैसे नाहीत. मोबाईलवर व्हिडिओ बघून आणि मित्राच्या जुन्या लॅपटॉपवर हात चालवून एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्ट शिकतोय. तर डेव्हलपर म्हणून पहिली नोकरी मिळेल का?

कोणता कोर्स करावा, कोणता एडिटर वापरावा हे आपण नेहमीच बघतो. आज जरा वेगळं. याच पट्ट्यातल्या एका माणसाची गोष्ट बघूया. त्याचं आडनाव तुम्ही विहिरीवरच्या पंपावर आणि डिझेल इंजिनावर शंभरदा वाचलं असेल : लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर. एवढा मोठा यंत्रांचा कारखाना उभा करणारा हा माणूस इंजिनिअरिंग शिकायला कुठल्याही कॉलेजात गेला नव्हता.

चित्रकार व्हायला निघालेला मुलगा

लक्ष्मणराव २० जून १८६९ ला बेळगावजवळच्या गुर्लहोसूर गावी जन्मले. वडील वेदान्ताचे अभ्यासक, घरात पुस्तकांचा मान मोठा. या मुलाचं मन मात्र शाळेत रमेना. त्याला चित्रं काढायला आवडायची आणि काहीतरी खटपट करत बसायला आवडायचं. आजही अशा मुलाला घरात काय ऐकावं लागतं ते सांगायला नको. पण मोठे भाऊ पाठीशी उभे राहिले आणि १८८५ साली लक्ष्मणराव मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले.

तिथे पहिला दणका बसला. त्यांना काही रंगांमधला फरक कळत नव्हता, म्हणजे अंशतः रंगांधळेपणा होता. चित्रकार व्हायला निघालेल्या मुलासाठी दार बंदच झालं म्हणायचं. (जाता जाता : क्रोमच्या डेव्हलपर टूल्समध्ये अशा डोळ्यांना तुमचं वेबपेज कसं दिसेल ते दाखवणारी सोय आहे. पेज बनवताना एकदा वापरून बघा. लाल-हिरव्या रंगावरच सगळी माहिती अवलंबून ठेवली, तर अनेकांना ती दिसतच नाही.)

रंग गेले, पण रेषा हातात राहिली. लक्ष्मणराव यांत्रिक ड्रॉइंगकडे वळले. यंत्राचा भाग वरून, समोरून, बाजूने कसा दिसतो ते मापासकट कागदावर उतरवायचं हे काम. त्यात रंग लागत नाही. लागते ती नजर, माप आणि धीर. या एका कौशल्यावर त्यांना पहिली नोकरी मिळाली, मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, यांत्रिक ड्रॉइंग शिकवायची. म्हणजे आपली आजची व्हीजेटीआय. तेव्हा ती नुकतीच सुरू झाली होती आणि भायखळ्याला होती.

खरं शिक्षण इथे सुरू झालं. ड्रॉइंगचे तास संपले की लक्ष्मणराव संस्थेच्या वर्कशॉपमध्ये जाऊन बसायचे. लेथ कसा फिरतो, वाफेचं इंजिन कुठे अडतं, साचा कसा भरतात हे बघायचे, हात लावायचे. इंग्रजी पुस्तकं आणि परदेशी मासिकं मिळवून वाचायचे. त्या वर्कशॉपमध्ये दुसरी मुलं फी भरून शिकत होती. हे मास्तर असून त्यांच्याइतकंच, कदाचित जास्तच, शिकून घेत होते.

मला या गोष्टीतला हा भाग सगळ्यात कामाचा वाटतो. लक्ष्मणरावांना यंत्रावरची नोकरी मिळाली नव्हती. यंत्राच्या शेजारच्या खोलीतली मिळाली होती. सपोर्टमध्ये, टेस्टिंगमध्ये किंवा एखाद्या दुकानाची वेबसाईट नुसती अपडेट करायच्या कामावर लागलेली बरीच मुलं त्या नोकरीला कमी समजतात. पण कोड त्याच इमारतीत असतो. तो उघडून बघायचा की सहा वाजता घरी जायचं, एवढाच प्रश्न उरतो.

सायकल उघडून बघणारा मास्तर

त्या काळात सायकल ही नवलाई होती. लक्ष्मणरावांनी ती चालवायला शिकून घेतली आणि धंद्याची कल्पना सुचली. मुंबईहून सायकली पाठवायच्या आणि बेळगावात भाऊ रामूअण्णांनी त्या विकायच्या, लोकांना चालवायलाही शिकवायच्या. किर्लोस्कर ब्रदर्स हा व्यवसाय १८८८ सालापासून मोजला जातो. नोकरी चालू ठेवून शेजारी छोटं काम सुरू केलं, असा हा प्रकार.

सायकलीसोबत दुरुस्ती आलीच. आणि दुरुस्ती म्हणजे उघडणं. यंत्र उघडलं की बनवणाऱ्याने काय विचार केला होता ते समोर दिसतं. वेबचंही तसंच आहे, फक्त पाना-स्क्रूड्रायव्हर लागत नाही. मोबाईलच्या क्रोममध्ये साईटच्या पत्त्याआधी इंग्रजीत व्ह्यू-सोर्स आणि कोलन टाईप करा, त्या पानाचं एचटीएमएल समोर येतं. सुरुवातीला काही कळत नाही. सायकलीचं हबही पहिल्यांदा उघडल्यावर कुणाला कळतं? गोळ्या घरंगळून जातात, एवढंच कळतं.

पुढे नोकरीत बढतीची वेळ आली. जागेवर हक्क लक्ष्मणरावांचा होता, पण ती एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली गेली. त्यांनी राजीनामा दिला आणि बेळगाव गाठलं. हे आज वाचायला सोपं वाटतं. मुंबईतला बांधलेला पगार, घरची जबाबदारी आणि पुढे काय, तर सायकलचं दुकान! आपल्यापैकी कुणी असं केलं असतं, तर गावात आठवडाभर तोच विषय झाला असता.

न विकले गेलेले नांगर

बेळगावात लक्ष्मणरावांनी कडबा कापायचं यंत्र बनवलं. शेतकऱ्याच्या गोठ्यात रोज लागणारं काम होतं, यंत्र चाललं. मग त्यांनी लोखंडी नांगर हाती घेतला. साल १९०३.

नांगर कशासाठी? आपल्याकडचा लाकडी नांगर जमीन उकरतो, पण माती उलटवत नाही. काळ्या जमिनीत हरळी आणि कुंदा खोलवर मुळं धरून बसतात, त्यांना तो पोचत नाही. लोखंडी नांगराचं वळणदार पान माती कापून उचलतं आणि पालथी टाकतं. परदेशी बनावटीचे असे नांगर बाजारात होते. लक्ष्मणरावांना तसाच नांगर इथल्या मातीसाठी, इथल्या बैलांसाठी आणि इथे दुरुस्त होईल असा हवा होता.

नांगर तयार झाले, पण घेणारं कुणी नाही. लोखंडाने जमिनीत विष भिनतं, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. या समजुतीला आपण पटकन हसतो. पण त्या शेतकऱ्याच्या बाजूने बघा. त्याच्याकडे एकच जमीन, वर्षाला एकच खरीप. कोण कुठला ड्रॉइंग मास्तर म्हणतो म्हणून त्याने ती पणाला का लावावी? पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली. दोन वर्षं! लोखंडात अडकलेले पैसे कारखान्याच्या कोपऱ्यात उभे होते.

नांगर विकले जाऊ लागल्यावर तक्रार आली. नांगर चांगला आहे, पण फाळ मऊ आहे, लवकर झिजतो. इथे लक्ष्मणरावांचा स्वभाव कळतो. शेतकऱ्याला नीट चालवता येत नाही, असं म्हणून ते मोकळे झाले नाहीत. परदेशी फाळ टिकतो आणि आपला झिजतो, म्हणजे खोट आपल्या ओतकामात आहे, हे त्यांनी मानलं आणि शोध सुरू केला.

थोडं तंत्र बघूया. बिडाचं लोखंड वितळवून साच्यात ओततात. ते वाळूच्या साच्यात सावकाश थंड झालं तर तुलनेने मऊ राहतं. जिथे कडकपणा हवा तिथे साच्यात धातूचा तुकडा बसवला, तर तेवढा भाग झटकन थंड होतो आणि खूप कठीण बनतो. पण सगळाच नांगर असा केला तर दगड लागताच तडकेल. कुठे कठीण आणि कुठे चिवट, याचा मेळ घालायचा असतो. हे पुस्तकात एका ओळीत लिहिलेलं असतं. हातात यायला किती ओतणी वाया जातात ते ओतारीच जाणे. लक्ष्मणरावांनी फाळ सुधारला आणि नांगराला गिऱ्हाईक वाढू लागलं.

स्वतःच्या कंप्युटरवर चाललेली वेबसाईट आणि एखाद्या दुकानदाराने भर दिवाळीत वापरलेली वेबसाईट यात असाच फरक असतो. ट्युटोरिअल बघून बनवलेल्या दहा प्रोजेक्टपेक्षा एका खऱ्या माणसाने तक्रार केलेलं आणि तुम्ही दुरुस्त केलेलं एक प्रोजेक्ट मुलाखतीत जास्त वेळ बोलायला देतं. काय बिघडलं होतं, कसं शोधलं, काय बदललं, हे सांगता येतं ना!

बेळगाव सुटलं, औंधचा राजा भेटला

धंदा जरा उभा राहतोय तोच कारखान्याची जागा सोडायची वेळ आली. बेळगावच्या नगरपालिकेला शहराच्या वाढीसाठी ती हवी होती. यंत्रं, भट्ट्या, कामगार, सगळं घेऊन जायचं कुठे?

इथे आपला सातारा-सांगलीचा भाग येतो. आजच्या सातारा जिल्ह्यातलं औंध तेव्हा एक छोटं संस्थान होतं आणि त्याचे तुकडे विखुरलेले होते. कुंडलचा भाग, जो आज सांगली जिल्ह्यात आहे, तोही औंधचाच. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार आणि नव्या गोष्टींची आवड असलेले. त्यांनी लक्ष्मणरावांना कुंडल रोड रेल्वे स्टेशनजवळ ३२ एकर जमीन देऊ केली आणि १०,००० रुपये बिनव्याजी कर्ज दिलं.

जमीन म्हणजे नुसता माळ. निवडुंग, साप आणि पाण्याची ओढ. मार्च १९१० मध्ये लक्ष्मणराव पंचवीसेक कामगार आणि त्यांची कुटुंबं घेऊन तिथे आले. निवडुंग तोडायचं, घरं बांधायची आणि सोबत नांगरही ओतायचे. वसाहतीची व्यवस्था रामूअण्णांनी सांभाळली. त्या माळाचं नाव पडलं किर्लोस्करवाडी.

पुढे पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि परदेशी लोखंड, कोळसा मिळेनासा झाला. मग मोडीचं लोखंड गोळा करून भट्टी पेटती ठेवली. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी नांगरांसाठी जुन्या तोफा दिल्याची गोष्ट आपल्याकडे आजही सांगतात.

एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. लक्ष्मणराव स्वतः शिकले हे खरं, पण ते एकटे नव्हते. भावांनी मुंबईचा खर्च उचलला, रामूअण्णांनी धंदा सांभाळला, राजाने जमीन आणि पैसा दिला. सेल्फ-टॉट म्हणजे कुणाचीही मदत न घेतलेला, असा अर्थ आजकाल काढला जातो. तो चुकीचा आहे. तुमचा कोड वाचणारा एखादा सीनियर, अडलं तर रात्री फोन उचलणारी मैत्रीण, वर्षभर थांबायला तयार असलेले घरचे, हे सगळं त्यात धरायचं.

आता ते मुलाखत घेणारे झाले

वाडीत लक्ष्मणरावांनी कुणाला कामावर घेतलं ते बघण्यासारखं आहे. अनंतराव फळणीकर शाळा अर्धवट सोडलेले. पुढे ते कल्पक इंजिनिअर म्हणून नावाजले गेले. के. के. कुलकर्णीही परीक्षांमध्ये न चमकलेले, पण व्यवस्थापन आणि विक्री दोन्ही सांभाळायचे. शंभूराव जांभेकर यंत्रांत मुरले. मंगेशराव रेगे हिशेब बघायचे. रात्रीच्या पहाऱ्यावर तर त्यांनी दरोड्याची शिक्षा भोगून आलेली माणसं ठेवली आणि ती विश्वासाला जागली.

ही नुसती दया नव्हती. माळरानावरच्या कारखान्यात मुंबईचा पदवीधर यायला तयार नव्हता. समोरच्या माणसाला काय येतं आणि तो किती लवकर शिकतो, एवढंच बघायचं परवडत होतं. आजही लहान गावातल्या, पाच-सात माणसांच्या सॉफ्टवेअर कंपनीची अडचण तीच असते. मोठ्या कंपन्यांच्या पोर्टलवर डिग्रीचा रकाना भरल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नाही आणि आपण तिथेच शंभर अर्ज टाकत बसतो. सांगली, मिरज, कराड, सातारा, कोल्हापूर इथल्या छोट्या कंपनीत तुमचं चालू असलेलं काम उघडून बघणारा मालक भेटायची शक्यता जास्त. पगार सुरुवातीला कमी असेल, हे लपवण्यात अर्थ नाही.

आणि लक्ष्मणराव डिग्रीच्या विरोधात होते असंही समजू नका. मुलगा शंतनुराव याला त्यांनी थेट अमेरिकेत एमआयटीला धाडलं. तो १९२६ साली मेकॅनिकल इंजिनिअर झाला आणि पुढे त्याने उद्योगाचा पसारा कितीतरी वाढवला. भट्टीसमोर चुकत शिकण्यात किती वर्षं गेली, हे बापाला माहीत होतं. मुलाची ती वर्षं वाचावीत असं वाटलं असणार.

१९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड कंपनी झाली. नांगरानंतर उसाचे चरक, शेंगा फोडायची यंत्रं, पंप असं एकेक काम वाढत गेलं. त्याच साली पुतणे शंकरराव यांनी वाडीतूनच किर्लोस्कर खबर नावाचं मासिक काढलं, जे पुढे किर्लोस्कर मासिक म्हणून महाराष्ट्रभर पोचलं.

२६ सप्टेंबर १९५६ ला लक्ष्मणराव गेले. २० जून १९६९ ला त्यांच्या शंभराव्या जन्मदिनी भारत सरकारने त्यांच्यावर टपाल तिकीट काढलं. कुंडल रोड स्टेशनचं नावही आता किर्लोस्करवाडी आहे. साताऱ्याहून सांगलीकडे रेल्वेने जाताना ते वाटेत लागतं. पुढच्या वेळी खिडकीची जागा मिळाली तर थोडा वेळ मोबाईल खाली ठेवून बाहेर बघा. कारखाना अजून चालू आहे.