मिरजेचे खाँसाहेब

मिरजेचं नाव काढलं की लोकांना दोन गोष्टी आठवतात. एक तिथले सतारी-तंबोरे, आणि दुसरे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ. आज मी तुम्हाला या खाँसाहेबांची हकिगत सांगणार आहे.

खाँसाहेबांचा जन्म १८७२ सालचा. गाव उत्तर प्रदेशातलं कैराना, म्हणजे मिरजेपासून कितीतरी लांब. त्या गावावरूनच त्यांच्या गायकीला किराणा घराणं म्हणतात. वाण्याच्या किराण्याशी तिचा काही संबंध नाही बरं का! घरात गाणं-बजावणं पिढीजात होतं. तरुणपणी ते बडोद्याच्या दरबारात गायले, मग मुंबईला आले. फिरत फिरत मिरजेला आले असता आजारी पडले, आणि मीरासाहेबांच्या दर्ग्यात गानसेवा केल्यावर बरे झाले, असं जुनी माणसं सांगतात. पुढे मिरज हेच त्यांचं घर झालं.

विचार करा. मुलूख परका, भाषा परकी, धर्म बहुतेकांहून निराळा. जवळ काय, तर गळा आणि तंबोरा! पण तंबोऱ्याची एक गंमत आहे. गायला बसायचं तर सगळ्यांनी आधी एकाच षड्जात सूर मिळवायचा. तिथं कोण कुठला, हे कुणी विचारत नाही. ज्याचा सूर मिळाला तो आपला.

खाँसाहेबांनी १९१३ साली पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढलं. गरीब मुलांची राहण्या-जेवणाची सोय तिथंच असे. गुरू मुसलमान, शिष्य बहुतेक हिंदू. त्यांचे एक शिष्य रामभाऊ कुंदगोळकर हे कानडी मुलखातले. तेच पुढे सवाई गंधर्व म्हणून गाजले, आणि भारतरत्न पंडित भीमसेन जोशी हे त्यांचे शिष्य. खाँसाहेबांनी आपल्या टिपू नावाच्या कुत्र्यालासुद्धा सुरात सूर मिळवायला शिकवलं होतं!

मला त्यांची आणखी एक गोष्ट फार आवडते. त्यांनी नुसतं शिकवलं नाही, दुसऱ्यांचंही मनापासून घेतलं. महाराष्ट्रात राहिले आणि मराठी नाटकातली पदं गायले. म्हैसूर-मद्रासकडे गेले आणि तिकडच्या गवयांची सरगम ऐकून आपल्या गाण्यात आणली. त्यागराजांची तेलुगू रचनाही त्यांनी तबकडीवर गायली आहे. परक्याला जवळ करायचं म्हणजे त्याला नुसती जागा द्यायची नाही, त्याचं गाणंही ऐकायचं.

ऑक्टोबर १९३७ मध्ये ते मद्रासहून पाँडिचेरीला रेल्वेनं निघाले होते. वाटेत बरं वाटेना, म्हणून सिंगपेरुमाळकोईल या लहानशा स्टेशनावर उतरले. तिथंच फलाटावर सुरात प्रार्थना म्हणत त्यांनी प्राण सोडला. त्यांना मिरजेला आणून दर्ग्याजवळ दफन केलं. आजही उरुसात देशभरचे गवई तिथं येऊन हजेरी लावतात. मी दोन वेळा रात्रभर तिथं बसलो आहे. शेजारी हमाल होते, वकील होते, शेतकरी होते. समेवर सगळ्यांच्या माना एकदम हलत.

आता आपल्याकडे पाहू. दिवाळी झाली की ऊसतोडणीवाल्यांची मुलं आपल्या शाळेत येतात आणि चार-पाच महिन्यांनी निघून जातात. परिपाठाला ती शेवटच्या रांगेत उभी राहतात. त्यांच्यातला एकजण मधल्या सुट्टीत बाकावर काय झकास ठेका धरतो! आपल्या लेझीम पथकाला ढोलकीवाला हवाच आहे. सोमवारी त्याला बोलवा. आणि त्याच्या गावाकडचं एखादं गाणंही त्याच्याकडून शिकून घ्या.